मदत हवी आहे: चित्र काढताना अंगठा आणि मनगट दुखतं

नमस्कार मंडळी. ३ महिन्यांपासून चित्रकला शिकते आहे, रोज दीड-दोन तास सराव. पण हल्ली अर्ध्या तासातच अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि कोपरापर्यंत हात भरून येतो.

माझी पकडच चुकते आहे असं वाटतं. लिहिताना धरतो तशी पेन्सिल टोकाजवळ घट्ट धरते, आणि गडद छटा हवी असली की एचबीवरच जोर देत बसते. परवा ४बी (एचबीपेक्षा मऊ, गडद उमटणारी पेन्सिल) वापरून पाहिली, तर तोच काळेपणा अलगद हाताने आला आणि तेवढा वेळ दुखलंही नाही! लांब रेषा मनगटाऐवजी खांद्यातून ओढायची हे कळतं, पण तसं केलं की रेषा थरथरते.

ज्यांनी ही सवय बदलली त्यांनी कृपया सांगा: खांद्यातून रेषा स्थिर होण्यासाठी कोणता सराव केलात? कागद सपाट टेबलावर ठेवता की तिरक्या बोर्डावर? विश्रांती किती वेळाने घेता? एकदा रंगात आले की मला वेळेचं भानच राहत नाही.

मुंग्या किंवा बधिरपणा अजून नाही. तसं झालं तर थेट डॉक्टरांकडे जाईन. सराव मात्र सोडायचा नाहीये, म्हणून आत्ताच विचारते आहे.