बाबांच्या लघवीत दोनदा रक्त, लघवीची तपासणी निगेटिव्ह. तरी दुर्बीण घालायचीच का?

हापूसवाली, देवगड

बाबा ६७ वर्षांचे. दिवसाला विडीचं एक बंडल, अशी चाळीस वर्षं. पाच वर्षांपूर्वी स्टेंट बसला तेव्हा सोडली म्हणतात. राखणीला मांगरात झोपून आले की सदऱ्याचा वास वेगळंच सांगतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात आईला लघवी लाल दिसली. बाबा म्हणे, "काल सोलकडी प्यालंय, तेचोच रंग तो." दुखणं नाही, जळजळ नाही, दोन दिवसांत साफ. डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या नि विषय मिटला. पाडव्यानंतर पुन्हा रक्त, या वेळी गुठळ्यांसकट. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते हा रक्त पातळ करायच्या गोळीचा परिणाम. सोनोग्राफीत मूत्राशय ठीक, प्रोस्टेट किंचित वाढलेलं. मग तीन दिवसांच्या तीन डब्या कोल्हापूरला पाठवल्या. रिपोर्ट आला: 'निगेटिव्ह फॉर हाय ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा'.

युरॉलॉजिस्ट तरीही दुर्बिणीतून बघायचं म्हणतात. बाबा अडून बसलेत. "कागदार लिवलेला आसा मां निगेटिव्ह? मगे नळी कित्याक घालतास माका?" त्यात आंब्याची गडबड, रोज पेट्या भरून गाडी वाशीला सोडायची. जूनमध्ये बघू म्हणतात. थांबलं तर चालेल का?

शिवाय मुंबईच्या भावाने एक जाहिरात पाठवलीय: घरबसल्या लघवीची डबी द्या, सगळे कॅन्सर एकदम कळतील. दुर्बिणीऐवजी तेच करू म्हणतो. कुणाला अनुभव?

मालवणी मसाला

मुतखडा असणार. पाणफुटीचं एक पान रोज अनशापोटी. माझ्या काकांचा पंधरा दिवसांत पडला.

काचपट्टी, रत्नागिरी

पाणफुटी राहू दे कुंडीत. खडा सहसा पोटात असा कळवळवून सोडतो की सोलकडीवर ढकलायची सोय उरत नाही. पासष्टी ओलांडलेला विडी ओढणारा माणूस, नि न दुखता रक्त, ही गोष्टच वेगळी.

ताई, मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं लॅबमध्ये काचपट्ट्या रंगवतोय, तेव्हा त्या कागदावर काय लिहिलेलं असतं नि काय नसतं, एवढंच सांगतो. रिपोर्ट पुन्हा वाचा. 'कॅन्सर नाही' असं त्यात कुठेच नाही. 'हाय ग्रेड', म्हणजे जहाल जातीचा, दिसला नाही, असं आहे. मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशी झडून लघवीत येतात. आम्ही लघवी यंत्रात गरगरा फिरवून तळाचा साका पट्टीवर घेतो, रंगवतो, नि पॅथॉलॉजिस्ट मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळे लावतात. हाय ग्रेडच्या पेशी बेढब असतात, केंद्रक मोठं, काळपट, कडा वेड्यावाकड्या. त्या सहसा ओळखू येतात. लो ग्रेडच्या, म्हणजे मवाळ जातीच्या, पेशी दिसायला निरोगी पेशींच्या सख्ख्या बहिणी. पट्टीवर असल्या तरी वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून तर लघवीतल्या पेशींचे रिपोर्ट लिहायची जी पॅरिस पद्धत २०१६ साली आली, तिच्यात रिपोर्टची भाषाच हाय ग्रेडभोवती बांधली. तुमच्या बाबांनी त्यातला एकच शब्द वाचला.

नि डब्या कशा घेतल्या होत्या? सकाळची पहिली लघवी दिली असेल तर ती या तपासणीला चांगली नाही, रात्रभर साचून पेशी खराब होतात. दुसऱ्या वेळची लागते. देवगडहून घाट चढून, एप्रिलच्या उन्हात, पेशी टिकवणारं फिक्सेटिव्ह न घालता गेलेल्या डबीत काय उरतं ते मी रोज बघतो. नुसते जंतू.

गोळीचं म्हणाल तर, तिने रक्त जास्त वाहतं हे खरं, पण वाहायला आत कुठेतरी जागा लागते. गोळी चालू असली तरी तपासणी टळत नाही. (गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका, स्टेंट आहे. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.) पहिल्या वेळी ते रक्त बहुधा आपणहूनच थांबलं असेल नि श्रेय अँटिबायोटिकला गेलं. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये रक्त असंच येतं-जातं. सोनोग्राफीत बारीक किंवा चपटी गाठ निसटू शकते.

विडीचं तर जुनं आहे. १८९५ मध्ये लुडविग रेन नावाच्या जर्मन सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी पाहिल्या. त्यामागची अरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं पुढे उमगली. त्याच जातीची द्रव्यं विडी-सिगारेटच्या धुरात असतात. मूत्रपिंड ती गाळून मूत्राशयात सोडतं, नि लघवीबरोबर ती तिथे तासन्‌तास पडून राहतात. मूत्राशयाच्या कॅन्सरपैकी साधारण निम्म्यांच्या मागे तंबाखूचा धूर असतो.

हापूसवाली

डब्या पहिल्याच लघवीच्या होत्या, नि एसटीने गेल्या. मग ही तपासणी करतातच कशाला?

काचपट्टी

कारण ती जिथे चालते तिथे उत्तम चालते. अस्तरातच पसरलेला चपटा, जहाल कॅन्सर दुर्बिणीतून नुसता लालसर डाग दिसतो, कधी दिसतही नाही. त्याच्या पेशी मात्र लघवीत भसाभस झडतात. म्हणजे दोन्ही एकमेकींच्या जोडीला, बदली नव्हेत. पॅप तपासणीवाल्या पापानिकोलाऊंनी १९४५ मध्ये लघवीतल्या पेशींवर लिहिलं, तेव्हापासून हेच चालू आहे. त्याच्याही शंभर वर्षं आधी लंडनमध्ये बेन्स जोन्स यांना एका रुग्णाच्या लघवीत असं प्रथिन सापडलं की जे तापवल्यावर साकळायचं नि उकळल्यावर पुन्हा विरघळायचं. मायलोमा या कॅन्सरची ती खूण. काही कॅन्सरची अशी आपापली खूण असते. सगळ्यांची मिळून एक असती तर आम्ही कधीच सुखी झालो असतो.

भावाच्या जाहिरातीबद्दल. संशोधन चालू आहे, थट्टेचा विषय नाही. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कुत्र्यांना लघवी हुंगायला शिकवली. त्यांनी ५४ पैकी २२ वेळा सात डब्यांतून मूत्राशयाच्या कॅन्सरची डबी बरोबर निवडली. नशिबावर सोडलं असतं तर सातातून एकदा जमलं असतं. गंमत म्हणजे निरोगी म्हणून घेतलेल्या एकाच्या डबीपाशी कुत्री पुन्हा पुन्हा थांबायची, नि त्याला मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला. जपानात सूक्ष्म जंतांना लघवी हुंगायला लावूनही प्रयोग झालेत. पण हिशेब करा. समजा दहा हजार धडधाकट माणसांत २० जणांना कॅन्सर आहे, नि तपासणी शंभरात नव्वद वेळा बरोबर. २० पैकी १८ सापडतील. बाकी ९,९८० पैकी ९९८ जणांना उगाच 'आहे' म्हणून चिठ्ठी जाईल. जपानने १९८४ पासून देशभर सहा महिन्यांच्या बाळांच्या लघवीतून न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांतला कॅन्सर शोधला. गाठी खूप सापडल्या, पुष्कळशा आपोआप विरणाऱ्याच होत्या, नि मृत्यू कमी झाल्याचं काही दिसेना. २००४ मध्ये बंद केलं.

आणि तुमच्या बाबांना तर लक्षण आहे. ज्याला काहीच होत नाही त्याच्यासाठी काढलेली चाळणी इथे काय कामाची?

खारेपाटणकर

तुमचा रिपोर्ट वाचून माझी फाईल काढली. शब्दन्‌शब्द तोच. मी त्या कागदावर गणपती होईपर्यंत थांबलो, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लघवी अडली, गुठळीने. ती रात्र कुणाच्या वाट्याला येऊ नये. आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, मग गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात. आत तीन गाठी.

दुर्बिणीची भीती वाटत असेल तर बाबांना सांगा, बधिर करणारी जेली घालतात, दहा मिनिटांचा खेळ. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटते. नंतर दोन दिवस लघवीला जळजळ. गाठी काढल्या त्याही त्याच वाटेने, कमरेखाली भूल देऊन, पोटाला टाका नाही. मग आठवड्याला एक असे सहा डोस बीसीजीचे, बाळाच्या दंडावर टोचतात तीच लस, नळीने मूत्राशयात सोडून दोन तास धरून ठेवायची. लस भरून दोन तास बाकड्यावर बसणं काय असतं ते लिहीत नाही. दुर्बीण अजूनही ठरल्या वेळी असते. गेल्या गणपतीला सगळी भजनं मीच धरली.

आंबा काढायला माणसं मिळतात. जूनपर्यंत थांबू नका.

हापूसवाली

रात्री बाबांना सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. जपान नि कुत्री होईपर्यंत ते पेटीत गवत भरत होते. गुठळीपाशी हात थांबला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तेका इचार, तो इडी वडी काय?"

खारेपाटणकर, विचारतेय.

खारेपाटणकर

दोन बंडलं.

हापूसवाली

बुधवारची वेळ घेतली. गाडी मंगळवारी रात्रीच भरून सोडायची, असं त्यांचं त्यांनीच ठरवलंय.