चालत्या गाडीत चारही इंडिकेटर नकोत

वर एकांनी लिहिलंय की घाटात पाऊस वाढला की चारही इंडिकेटर लावून हळूहळू जात राहावं. कृपया असं करू नका. चारही लुकलुकत असले की तुम्ही वळताय की उभे आहात, हे मागच्याला कळतच नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी. चालत्या गाडीला लो बीम, म्हणजे हेडलाइटचा खाली पडणारा झोत, पुरे. धुक्यात हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहते.

ताम्हिणीत एकदा आमची काच आतून धुरकटली. आई पदराने पुसत होती, पण पुसलेला पट्टा पुढच्या वळणापर्यंत परत धूसर. एसी लावून झोत काचेवर वळवला तेव्हा कुठे रस्ता दिसला. बाहेर गारवा असला तरी एसी लावाच.

पुलावरून पाणी वाहत असेल तर मात्र विषयच संपला. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलून नेतं, दोन फुटांत मोठ्याही जातात. शिवाय खाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट पुरात गेल्या. त्या चालकांना अंधारात कळायला वावच नव्हता. आपल्याला पाणी समोर दिसत असतं, तरी माणसं गाडी घालतात, याचं फार वाईट वाटतं. मागे फिरा, गावात थांबा, घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगा. फक्त थांबताना डोंगर कापलेल्या बाजूला, दरडीखाली गाडी लावू नका.