क्रायोनिक्स वि. सोसायटी फॉर क्रायोबायोलॉजी : खटला नेमका कोणाचा कोणाशी?

शीतकपाट (प्रश्न):
मृतदेह द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवणारे क्रायोनिक्सवाले आणि शास्त्रज्ञांची संस्था यांचं 'कोर्टात भांडण' असा उल्लेख सारखा दिसतो. ही संस्था, म्हणजे अतिथंडीचा सजीवांवरचा परिणाम अभ्यासणारी सोसायटी फॉर क्रायोबायोलॉजी, तिने 1982 मध्ये पोटनियम बदलला, हे माहीत आहे. पण निकालपत्रांत ही संस्था पक्षकार म्हणून दिसत नाही. मग कोर्टात काय ठरलं, आणि शास्त्रज्ञांचं मत तिथे किती चाललं?

रेतघड्याळ:
गाजलेल्या निकालांत ती दिसणार नाहीच. 1982 चा बदल हा संस्थेचा घरचा मामला. पुन्हा जिवंत होतील या आशेने मृतांना गोठवणाऱ्याला किंवा त्याचा पुरस्कार करणाऱ्याला, कार्यकारिणीच्या दोन तृतीयांश मतांनी, सदस्यत्व नाकारता किंवा काढून घेता येतं. 2018 चं निवेदन जरा मवाळ आहे: ही आशा आहे, विज्ञान नव्हे, आणि म्हणून आमच्या कक्षेबाहेर.

कोर्टातली खरी लढाई सरकारशी झाली. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने अल्कोर या क्रायोनिक्स संस्थेला मृतदेहांचे परवाने नाकारले, कारण देहदान कायद्याखाली देह स्वीकारणारी संस्था म्हणून ते तिला मानायला तयार नव्हते. 1992 मध्ये अपील कोर्टाने अल्कोरच्या बाजूने कौल दिला. माणूस परत उठेल का, यावर तो निकाल उभा नाही. देह स्वीकारायला ही संस्था कायद्याने पात्र आहे का, एवढाच मुद्दा होता. त्याच वर्षी मेंदूत गाठ असलेल्या थॉमस डोनाल्डसनने मरणाआधीच गोठवून घेण्याची परवानगी मागितली, ती मात्र फेटाळली गेली. त्यासाठी मदतीने मरण घ्यावं लागतं, आणि तो प्रश्न कोर्टाने विधिमंडळाकडे टोलवला.

कलमकसाई:
डोरा केंट प्रकरण राहिलं. या बाईचं डोकं अल्कोरने गोठवलं होतं. डिसेंबर 1987, कॅलिफोर्नियातलं रिव्हरसाइड. शरीरात बार्बिट्युरेट (गुंगीचं औषध) सापडलं म्हणून कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) मृत्यू संशयास्पद ठरवला आणि शवविच्छेदनासाठी गोठवलेलं डोकं मागितलं. अल्कोरचं म्हणणं: औषध मृत्यूनंतर दिलं, आणि छाती दाबून रक्त फिरतं ठेवल्यामुळे ते शरीरभर पसरलं. पटण्यासारखं आहे, पण मृत्यूसमयी डॉक्टर हजर नव्हता, तिथेच सगळं अडलं. शेवटी कोर्टाने डोक्याला हात लावायला मनाई केली आणि आरोपपत्र दाखल झालंच नाही.

त्यातून निघालेला धडा साधा: मृत्यू घोषित करणारा डॉक्टर संस्थेचा नको, आणि वेळेची नोंद हवी. कॅलिफोर्नियात धार्मिक कारणाने शवविच्छेदनाला हरकत घेणारा दाखला आधीच सही करून ठेवता येतो, पण गुन्ह्याचा संशय असेल तर तो कागद चालत नाही. आणि चौकशीत उशीर झाला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, बर्फ होऊ न देणारं द्रावण आत पोचत नाही आणि बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. म्हणून क्रायोनिक्सवाल्यांना खटला हरण्यापेक्षा तारीख पडण्याची धास्ती जास्त.

शीतकपाट:
आणि लंडनचा 2016 चा निकाल? त्यात तर क्रायोनिक्सला मान्यता दिली ना?

रेतघड्याळ:
मथळ्यांनी घातलेला घोळ आहे तो. 14 वर्षांच्या मुलीचे आईवडील विभक्त होते, आणि तिच्या देहाचं काय करायचं हे कोणी ठरवायचं, एवढाच वाद. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी तो अधिकार एकट्या आईला दिला. क्रायोनिक्स बरोबर की चूक, हे आपण ठरवत नाही, असं त्यांनी निकालात स्पष्ट लिहिलंय. उलट पुरवणी टिपणात देहाची तयारी करणाऱ्या स्वयंसेवकांच्या अव्यवस्थेबद्दल रुग्णालयाची तक्रार नोंदवली आहे. निकालाला नाचवणारे नेमकं तेच गाळतात.

कलमकसाई:
नातेवाइकांचा वाद बघायचा तर अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा 2010 चा निकाल वाचा. मृताने 2004 मध्ये अल्कोरशी करार करून 53,500 डॉलर भरले होते. 2009 मध्ये तो वारला, तेव्हा भावंडांनी देहाला एम्बामिंग करून (टिकवण्याची रसायनं भरून) परस्पर पुरलं. पैसे परत मागणारं पत्र आलं तेव्हा अल्कोरला मृत्यू कळला! खालच्या कोर्टाने देह उकरायला नकार दिला, अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला: माणसाने स्वतः केलेलं देहदान नातेवाइकांना रद्द करता येत नाही. हक्क शाबूत राहिला, पण तोवर देह वर्षभराहून जास्त जमिनीत होता. मेंदूत जपण्यासारखं काय उरलं असेल, हा प्रश्न कोर्टासमोर नव्हताच.