अनुभव धागा : परदेशातल्या डोंगरवाटा आणि जुनी अरण्ये

पायवाट
काल कपाट आवरताना जुन्या रेनकोटच्या टोपीतून एक वाळलेली, तपकिरी काडी खाली पडली आणि मी आवरणे तसेच सोडून ती हातात घेऊन बसले. काडी यकुशिमाची होती. क्यूशूच्या दक्षिणेला असलेल्या या जपानी बेटावर मी जोमोन सुगी नावाचा वृक्ष पाहायला गेले होते. (सुगी म्हणजे जपानी सीडर. आपल्या सुगीशी त्याचा काही संबंध नाही, तरी ते नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा उगाच ओळखीचे वाटले होते.) अंधार असतानाच अराकावाहून निघायचे, लाकूडतोडीच्या काळातल्या अरुंद रुळांवरून सुमारे आठ किलोमीटर चालायचे आणि त्यानंतर खरी चढण सुरू व्हायची. जाऊन-येऊन जवळपास बावीस किलोमीटर होतात आणि त्यात दहा तास सहज जातात. रुळांखालच्या स्लीपरांमधले अंतर माझ्या पावलांशी शेवटपर्यंत जुळले नाही. एक पाऊल टाकावे तर ते लांब पडे, दोन टाकावीत तर आखूड.

वाटेत विल्सनचा बुंधा लागतो. १९१४ साली तिथे आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे. वृक्ष कित्येक शतकांपूर्वीच तोडला गेला, पण पोकळ बुंधा इतका मोठा आहे की आत शिरून उभे राहता येते, पायाशी झरा वाहतो आणि एका विशिष्ट कोपऱ्यातून वर पाहिले की आकाश बदामाच्या आकाराचे दिसते. मी तो कोपरा शोधत असताना बाहेर रांग खोळंबली होती.

जोमोन सुगी मात्र लांबूनच पाहावा लागतो. पर्यटकांच्या पायांनी माती झिजून मुळे उघडी पडू लागली, म्हणून आता लाकडी मचाणावर उभे राहायचे. घेर सोळा मीटरांहून अधिक आहे. वय दोन हजार वर्षांपासून सात हजारांपर्यंत काहीही सांगतात, कारण आतले लाकूड कुजून गेल्यामुळे वलये मोजता येत नाहीत. इतके चालून आल्यावर हातही लावता येत नाही, याचा मला तेव्हा चक्क राग आला होता. तुमच्यापैकी कोणी अशा रानांत चालले असेल, तर सविस्तर लिहा.

घाटमाथा
वर्णन उत्तम आहे, परंतु काडी आणलीत हे बरे केले नाहीत. त्या राष्ट्रीय उद्यानाच्या विशेष संरक्षित भागात गळून पडलेले पानसुद्धा उचलायला मनाई आहे.

पायवाट
मी उचलली नाही हो! दिवसभर पाऊस होता, टोपी डोक्यावर होती, ती आपणहून येऊन बसली असणार.

अर्धवटराव
हात लावता आला नाही म्हणून रागावलात, आम्हाला तर आपण कोणते झाड पाहिले हेच माहीत नाही. कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्समध्ये, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, ब्रिसलकोन पाइनचे रान आहे. त्यातल्या मथुसेला नावाच्या झाडाचे वय ४,८०० वर्षांहून अधिक आहे, पण नासधूस होऊ नये म्हणून त्याच्यावर पाटी लावलेली नाही. सात किलोमीटरांची फेरी आहे, आणि त्या विरळ हवेत दर पन्नास पावलांवर थांबावे लागत असल्यामुळे मी प्रत्येक थांब्याला एका झाडाचे छायाचित्र घेतले. अशी एकशे चाळीस छायाचित्रे झाली. त्यांतले एक तरी त्याचे असावे. सौभाग्यवतींच्या मते, ज्या झाडाला ते अगदीच खुरटे आहे म्हणून मी वगळले, तेच ते होते. त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही, कारण पांढऱ्या डोलोमाइटच्या निकस जमिनीत, थंडीवाऱ्यात, अतिशय सावकाश वाढलेली झाडेच तिथे सर्वाधिक जगतात. त्यांचे लाकूड इतके घट्ट आणि राळयुक्त असते की कीड व बुरशी यांचे फारसे चालत नाही.

शेवाळ
उतरताना गुडघ्यांचे काय करता, हे कोणीतरी लिहा. मी चढण हसतमुखाने चढते आणि उतारावर रडते.

अर्धवटराव
दोन काठ्या घ्याव्यात, उतारावर त्या थोड्या लांब कराव्यात आणि पावले आखूड टाकावीत. रडण्यावर उपाय नाही.

कुंदा
माझा अनुभव पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरचा आहे. तिथले लॉरेल वृक्षांचे रान म्हणजे एके काळी दक्षिण युरोपात पसरलेल्या अरण्यांचा उरलेला तुकडा आहे. १९९९ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. डोंगरकड्यांच्या कुशीतून लेवादा नावाचे पाण्याचे पाट काढले आहेत आणि त्यांच्या काठाने चालायचे असते. एका बाजूला वाहते पाणी, दुसऱ्या बाजूला दरी. काल्देइराँव व्हेर्दच्या वाटेवर बोगदे लागतात, ते इतके ठेंगणे आहेत की वाकूनच जावे लागते. दुसऱ्या बोगद्यात माझी विजेरी बंद पडली. मागून येणाऱ्या एका वृद्ध बाईंनी काही न बोलता आपला प्रकाश माझ्या पायांपुढे धरला आणि स्वतः अंधारात चालल्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. बाहेर आल्यावर मी त्यांचे वय खुणेने विचारले, तेव्हा त्यांनी आधी सात आणि मग आठ बोटे दाखवली. तेव्हा मी बावन्नची होते आणि धापा टाकत होते.

निशिगंध
न्यूझीलंडच्या वाइपोआ अरण्यात आम्ही ज्या वाटेसाठी गेलो होतो, ती बंद होती. कौरी वृक्षांच्या मुळांना लागणारा रोग बुटांना चिकटलेल्या मातीतून पसरतो आणि त्यावर अजून खात्रीचा इलाज नाही, त्यामुळे अनेक वाटा बंद ठेवाव्या लागतात. एवढा समुद्र ओलांडून आलो आणि ताने माहुताच्या दर्शनासाठी काही मिनिटांची फळ्यांची वाट तेवढी मिळाली, म्हणून मी चिडचिड करत होते. हा वृक्ष पन्नास मीटरांच्या आसपास उंच आहे आणि त्याच्या नावाचा अर्थ माओरी भाषेत 'अरण्याचा स्वामी' असा होतो. प्रवेशापाशी बूट घासून जंतुनाशकाच्या पट्टीवर पाय द्यायचे असतात. वडिलांनी इतक्या मन लावून तळवे घासले की मागचे लोक थांबले, आणि न घासता पुढे निघालेल्या एका उंच गृहस्थांना त्यांनी शुद्ध मराठीत परत बोलावले. ते गृहस्थ आले, आणि त्यांनी बूट घासले.

शेवाळ
तुमच्या वडिलांना आमच्या गटात घ्यायचे आहे.

पायवाट
सर्वांचे आभार. आता या काडीचे काय करावे, तेवढे सांगा. टाकवत नाही.

घाटमाथा
रेनकोटच्या टोपीतच परत ठेवा. मी काही पाहिले नाही.