लग्नकार्यात व यात्रेत पाण्याच्या बाटल्या बंद करायच्या आहेत. ठरावाआधी गावाने काय करावे?

माणकाठ:
सर्वांना नमस्कार. आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात आहे. यात्रेत आणि लग्नकार्यांत पाण्याच्या बाटल्या व थंड पाण्याचे जार वापरू नयेत, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडण्याचा आमचा विचार आहे. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात आम्ही भिंती रंगवल्या, झाडेही लावली. परंतु यात्रा उलगडल्यावर ओढ्याच्या मोरीत रिकाम्या बाटल्यांचा जो थर साचतो, तो पाहिला की आपले काम अर्धवट राहिल्याची खंत वाटते. एका गावाने बाटल्या सोडल्याने हवामानबदलाच्या दृष्टीने खरोखर फरक पडतो, की हा केवळ कचऱ्याचा प्रश्न आहे? वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, पाहुण्यांना नळाचे पाणी दिले आणि कोणाला जुलाब झाले, तर गावाची नाचक्की होईल. त्यांची ही भीती मला अनाठायी वाटत नाही. शिवाय गावातल्याच एका तरुणाने कर्ज काढून जारचा व्यवसाय उभा केला आहे, त्याचे काय करावे?

पाणीपुरवठा_निवृत्त:
आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. पीटर ग्लिक आणि हेदर कूली या संशोधकांनी २००९ साली अमेरिकेतील बाटलीबंद पाण्याचा हिशेब मांडला होता. बाटली घडवणे, भरणे, वाहून नेणे आणि थंड करणे हे सर्व धरून एका लिटरमागे सुमारे ५.६ ते १०.२ मेगाज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे नळाच्या पाण्याच्या दोन हजार पटींपर्यंत, असे त्यांना आढळले. हे प्लास्टिक खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून बनते, त्यामुळे कचरा आणि कर्ब उत्सर्जन हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. जार पुन्हा भरला जात असल्याने त्याचा प्लास्टिकचा भार कमी असतो. परंतु वीज, टेम्पोचे डिझेल आणि आर.ओ. यंत्रातून सोडून दिले जाणारे क्षारयुक्त पाणी यांचा खर्च उरतोच. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर लागतो, तिथे बोअरचे पाणी असे वाहून जाऊ देणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

वडीलधाऱ्यांच्या भीतीवर मात्र भाषण हा उपाय नव्हे, तपासणी हाच उपाय आहे. पाण्याच्या टाकीत टी.सी.एल. पावडर, म्हणजे क्लोरीनसाठी वापरली जाणारी ब्लीचिंग पावडर, थेट ओतू नये. बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचे द्रावण टाकीत सोडावे आणि किमान अर्धा तास जाऊ द्यावा. त्यानंतर टाकीजवळच्या नळाची नव्हे, तर वस्तीतल्या शेवटच्या नळाची ओ.टी. चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासण्याची चाचणी, घ्यावी. पाण्याला पिवळसर छटा आली, तर क्लोरीन तिथवर पोहोचला आहे असे समजावे, आणि चाचणीचे ते पाणी ओतून द्यावे. छटा आली नाही, तर वाटेत गळती आहे किंवा पावडरीचा जोर गेला आहे. पोते उघडे राहिले आणि ओल लागली की तो हमखास जातो. जलसुरक्षकाने, म्हणजे गावाच्या पाण्याची शुद्धता पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने, यात्रेच्या आधी रोज ही नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतही पाठवावा. गावाला हिरवे कार्ड, म्हणजे पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीत धोका कमी आढळल्यावर मिळणारे कार्ड, असेल तर तेही तिथेच लावावे. ही तयारी झाल्याखेरीज ठराव मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिडनीकर:
मी ऑस्ट्रेलियात राहतो. इथे न्यू साउथ वेल्समध्ये बंडानून नावाचे लहानसे गाव आहे. तिथला भूजलसाठा उपसून सिडनीला बाटलीबंद करण्यासाठी नेण्याचा एका कंपनीचा बेत होता आणि गावकरी त्याविरुद्ध लढत होते. जे पाणी बाहेर जाऊ द्यायचे नाही, तेच बाटलीतून विकत का घ्यायचे, हा विचार त्यातूनच पुढे आला. जुलै २००९ मध्ये सभागृहात साडेतीनशेहून अधिक माणसे जमली आणि गावात बाटलीबंद पाणी न विकण्याचा निर्णय जवळजवळ एकमताने झाला. कायदा कोणताच केला नाही. दुकानदारांनी आपणहून विक्री थांबवली, रस्त्यावर गाळलेल्या पाण्याचे फुकट नळ बसवले आणि पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्या विकायला ठेवल्या. दुकानदारांना पहिल्या दिवसापासून सोबत घेतले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

हिमालयवारी:
आपल्या देशातलेही उदाहरण आहे. उत्तर सिक्कीममधील लाचेन हे गुरुडोंगमार सरोवराच्या वाटेवरचे गाव. तिथल्या झुम्सा या पारंपरिक ग्रामसंस्थेने २०१२ मध्ये पाण्याच्या बाटल्यांना बंदी केली. पुढे २०१६ मध्ये सिक्कीम सरकारने शासकीय बैठकांतून त्या हद्दपार केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून ही बंदी राज्यभर लागू झाली. त्यामुळे ‘एका गावाने काय होणार’ असे कोणी म्हणाले, तर लाचेनचे नाव अवश्य सांगावे.

माणकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. अभियंता सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी शेवटच्या नळाचीच तपासणी करू. मात्र हजारभर माणसांच्या पंगतीत थंड पाणी कसे पुरवावे?

बचतगट_ताई:
दादा, आमच्या बचत गटाने मागच्या लग्नसराईपासून स्टीलचे पेले आणि तोटीचे रांजण भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे. रांजणाला तोटी हवीच, कारण तांब्या बुडवला की हात पाण्यात जातो आणि क्लोरीन टाकून केलेली मेहनत वाया जाते. पाणी आदल्या रात्री भरून, ओले गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे. सकाळपर्यंत ते गार होते आणि क्लोरीनचा वासही बराच कमी होतो. मात्र वासाबरोबर क्लोरीनही उतरत असल्याने रांजण आधी घासून घ्यावेत आणि झाकण उघडे ठेवू नये. पेले धुण्यासाठी दोन बायका आणि वेगळे पाणी लागते, त्यांची मजुरी यजमानांनी आधीच कबूल करावी, नाहीतर ते काम घरच्या सुनांच्या गळ्यात पडते.

आणि जारवाल्या त्या मुलाला ग्रामसभेत एकटे पाडू नका. टेम्पो त्याच्याकडे आहे, यजमानांशी त्याची ओळख आहे. रांजण आणि पेले पोहोचवण्याचे काम त्यालाच द्या आणि भाड्याचा दर ठरावाच्या आधी त्याच्याशी बसून ठरवा.