मागे टांगायच्या फिल्टरमध्ये घरच्या घरी कोणते बदल करावेत?

प्रश्न (नाशिक)

नमस्कार. माझ्याकडे ९० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच अशी काचेची टाकी आहे. हिशेबाने ती १६२ लिटरची होते, पण तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता तीत साधारण १४० लिटर पाणी राहते. टाकीत चार गोल्डफिश असून त्यांतले दोन आता माझ्या तळहाताएवढे झाले आहेत. फिल्टर मागच्या काचेवर टांगायच्या प्रकारातला आहे. त्याच्या खोक्यावर ताशी ५०० लिटर असा आकडा छापलेला आहे आणि आत कोळशाचे दाणे भरलेली एकच पातळ कार्ट्रिज बसते.

ही कार्ट्रिज पाच-सहा दिवसांत तुंबते. मागच्या आठवड्यात मी ती नळाखाली स्वच्छ होईपर्यंत धुतली, तर दोन दिवसांनी पाणी दुधाळ झाले आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. चाचणी संचाने पाहिले तेव्हा अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि पीएच ८ निघाला. मी लगेच तिसरा हिस्सा पाणी बदलले, त्यामुळे सध्या मासे ठीक आहेत. दुकानदारांनी दर पंधरा दिवसांनी नवी कार्ट्रिज घालण्याचा आणि मोठी मोटर घेण्याचा सल्ला दिला आहे. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा मोठ्या बंद डब्याचा फिल्टर) माझ्या आवाक्यात नाही. आहे त्याच डब्यात काही बदल करून त्याचे काम सुधारता येईल का, आणि ते कोणत्या क्रमाने करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पहिले उत्तर (ठाणे)

आपल्या वर्णनावरून मोटर कमी पडते आहे असे मला वाटत नाही. पाणी कार्ट्रिजमधून न जाता तिला वळसा घालून जात असावे. या प्रकारच्या फिल्टरमध्ये मोटर पाणी मागच्या कप्प्यात चढवते, तिथून ते कार्ट्रिजमधून पुढच्या कप्प्यात येते आणि ओठावरून टाकीत पडते. कार्ट्रिज तुंबली की मागच्या कप्प्यातली पातळी वाढते आणि पाणी तिच्या माथ्यावरून किंवा कडेच्या फटीतून निघून जाते. धबधबा पूर्वीइतकाच जोरात पडताना दिसतो, म्हणून सगळे सुरळीत आहे असा आपला समज होतो. प्रत्यक्षात त्या पाण्यातले निम्मेही गाळले गेलेले नसते. अशा वेळी मोठी मोटर लावली तर न गाळलेले पाणी अधिक वेगाने फिरेल, एवढेच.

म्हणून आधी प्रवाह मोजावा. ओठाखाली प्लास्टिकची पातळ पिशवी बरोबर दहा सेकंद धरावी, जमलेले पाणी मापात ओतावे आणि मिलिलिटरच्या आकड्याला ०.३६ ने गुणावे, म्हणजे ताशी लिटर मिळतात. एकदा कार्ट्रिज असताना आणि एकदा डबा पूर्ण रिकामा करून मोजावे. खोक्यावरचा आकडा मोटरला पाणी मुळीच उचलावे लागत नाही असे धरून दिलेला असतो, त्यामुळे रिकाम्या डब्यातही तो मिळणार नाही आणि त्याची काळजी करू नये. मात्र रिकाम्या डब्याचा आकडाही फारच कमी आला, तर आधी मोटरचा पंखा बाहेर काढून पाहावा. बोअरिंगच्या पाण्यावर चालणाऱ्या टाक्यांत पंख्यावर आणि त्याच्या दांडीवर चुन्याचा पांढरा थर बसतो. तो व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात तासभर ठेवून दात घासायच्या जुन्या ब्रशने काढावा आणि सुटे भाग भरपूर पाण्याने धुऊन मगच बसवावेत. मला स्वतःला या एका साफसफाईने जितका प्रवाह परत मिळाला, तितका दुसऱ्या कोणत्याही बदलाने मिळाला नाही.

आता मुख्य बदल. कार्ट्रिजच्या जागी मत्स्यटाकीसाठी मिळणारा जाड, मोठ्या छिद्रांचा स्पंज कापून बसवावा. कप्प्याची रुंदी मोजून स्पंज तिच्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवावा, म्हणजे तो कडांना दाबून बसतो आणि फट उरत नाही. उंची मात्र कप्प्याच्या काठापेक्षा थोडी कमी ठेवावी, कारण स्पंज कधी पूर्ण तुंबलाच तर पाणी त्याच्यावरून टाकीतच परत गेले पाहिजे, डब्याच्या मागच्या कडेवरून घरात नव्हे. गादीचा फोम वापरू नये, त्यात रंग आणि आग रोखणारी रसायने असू शकतात. स्पंजच्या पुढे जागा उरली तर जाळीच्या पिशवीत सिरॅमिक रिंगा, म्हणजे जीवाणूंना आसरा देणारी सच्छिद्र कडी, भराव्यात. पाण्याला आधी जाड स्पंज, मग बारीक थर आणि शेवटी रिंगा असा क्रम मिळाला पाहिजे. उलट क्रम लावला तर रिंगांची छिद्रे गाळाने भरतात आणि त्यांचा उपयोग साध्या खड्यांइतकाच उरतो. कोळशाची नेहमी गरज नसते. औषध दिल्यावर ते पाण्यातून काढून टाकायचे असेल तेव्हा तो दोन-तीन दिवस वापरावा.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर मध्ये भोक असलेला स्पंज चढवणे. गोल्डफिशची विष्ठा आणि खाण्याचे तुकडे तिथेच अडकतात, त्यामुळे डब्यातला माल महिना-महिना उघडावा लागत नाही. हा स्पंज मोठ्या छिद्रांचाच असावा, कारण बारीक छिद्रांच्या स्पंजमुळे मोटरची ओढ अडते.

दुसरे उत्तर (कोल्हापूर)

मी रसायनशास्त्र शिकवते आणि घरी तीन टाक्या सांभाळते. वरच्या उत्तरातले बदल योग्य आहेत, पण ते एकाच दिवशी सगळे केले तर मागच्या आठवड्यातला प्रसंग पुन्हा घडेल, म्हणून क्रमाबद्दल सविस्तर लिहिते.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून आलेल्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते. ही कामे करणारे सूक्ष्मजीव पृष्ठभागांना चिकटून राहतात. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम पूर्वी समजले जात होते तसे नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पिरा गटातले जीवाणू करतात, हे १९९८ साली टिमोथी होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. हे जीवाणू सावकाश वाढतात आणि मोकळ्या पाण्यात अगदी थोडे असतात. त्यामुळे जुने पाणी जपून फारसे साधत नाही, जुना स्पंज जपावा लागतो. आपल्या टाकीतली जीवाणूंची सगळी वसाहत त्या एका कार्ट्रिजवर होती. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा असेच सांगितले आहे. माणसाच्या आरोग्यासाठी जे आवश्यक, त्यानेच ती वसाहत मारली गेली असावी. यापुढे स्पंज धुताना टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा पिळावा, तेवढे पुरते. तो पांढराशुभ्र करण्याचा प्रयत्न करू नये.

पीएच ८ असल्याने आपण अधिक सावध राहावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी स्वरूपातला भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, तर पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे चाचणीत दिसणारा ०.५ हा आकडा आपल्या पाण्यात दसपट घातक आहे, आणि नाशिकच्या उन्हाळ्यात पाणी तापेल तसा हा विषारी भाग आणखी वाढतो.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त नळीवरचा स्पंज चढवावा. नंतर कार्ट्रिजच्या प्लास्टिकच्या चौकटीत कोळसा ठेवणारी बाजू कापून कोळसा काढून टाकावा, पण कापड तसेच ठेवून त्याला चिकटून नवा स्पंज बसवावा. चार ते सहा आठवडे दोन्ही एकत्र चालू द्यावेत आणि दर दोन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट मोजावे. दोन्ही सलग दोन आठवडे शून्य राहिले, तरच जुने कापड काढावे.

सिरॅमिक रिंगांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. एवढ्याशा डब्यात मूठभर रिंगांनी फार फरक पडत नाही. तीच जागा जाड स्पंजला दिली तर गाळणे आणि जीवाणूंना आसरा ही दोन्ही कामे होतात. भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्याही चांगल्या चालतात, मात्र त्या साबण न लावलेल्या आणि धातूची तार नसलेल्या असाव्यात. मी एकदा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी वापरून पाहिली होती. दिसायला ती उत्तम होती, पण काही आठवड्यांत ती कुजून बुळबुळीत झाली आणि तिच्या कुजण्यानेच पाण्यातला प्राणवायू खर्ची पडू लागला. साध्या कापसाचेही तेच होते; बारीक थर हवा असेल तर उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस घ्यावा.

प्राणवायूचा मुद्दा मी मुद्दाम काढला, कारण एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. मासे आणि फिल्टर दोघेही त्याच साठ्यावर जगतात. पाण्याचा आवाज नको म्हणून पुष्कळजण टाकी ओठापर्यंत भरून धबधबा बंद करतात. गोल्डफिशच्या टाकीत, विशेषतः उन्हाळ्यात, तसे करू नये.

तिसरे उत्तर (संगमनेर)

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. वीज जाण्याचा विचार मात्र राहून गेला आहे आणि आमच्या भागात तो आधी करावा लागतो. टांगायच्या फिल्टरमध्ये टाकीतली पातळी कमी झालेली असताना वीज गेली, तर नळीतले पाणी उतरते आणि वीज परत आल्यावर मोटर कोरडीच फिरत राहून तापते. दुपारी आपण कामावर असाल तर ते संध्याकाळपर्यंत कळणारही नाही. यासाठी उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी उतरू देऊ नये आणि प्रत्येक वेळी वीज आल्यावर धार पडते आहे की नाही ते घरात कुणीतरी पाहावे.

माझी सूचना अशी की, आहे त्या फिल्टरमध्ये बदल करावेतच, शिवाय टाकीच्या दुसऱ्या टोकाला हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावावा. त्याचा खर्च नव्या मोटरपेक्षा कमी येतो. तो पंप बॅटरीवर चालणारा घेतला तर वीज गेल्यावरही प्राणवायू आणि जीवाणू दोन्ही टिकतात. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत एकतर्फी झडप बसवावी, नाहीतर पंप बंद पडल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन त्यात शिरते.

आणखी एक गोष्ट सर्वांनी कटाक्षाने पाळावी. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढावेत, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एकदा झोळीसारखी लोंबू देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकते.

प्रश्नकर्ता (नाशिक), सात आठवड्यांनंतर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजले तेव्हा कार्ट्रिजसह दहा सेकंदांत ६०० मिलिलिटर, म्हणजे ताशी २१६ लिटर पाणी पडत होते. पंख्यावर खरोखरच चुन्याचा जाड थर होता. तो काढल्यावर रिकाम्या डब्याचा आकडा १०५० मिलिलिटर, म्हणजे ताशी ३७८ लिटर आला. आता डब्यात स्पंज आणि नळीवर स्पंज असे दोन्ही असताना ९०० मिलिलिटर, म्हणजे ताशी ३२४ लिटर मिळतात. पाणी आता स्पंजमधूनच जाते याची खात्री मी मागच्या कप्प्यातली पातळी पेनाने खूण करून केली.

कापड अजून काढलेले नाही. मध्ये तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट ०.२५ दिसले होते, म्हणून खाणे निम्मे केले आणि पाणी बदलले. गेले नऊ दिवस अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आहेत. कोपऱ्यात हवेवरचा स्पंज फिल्टरही लावला आहे. एकच अडचण उरली आहे: नळीवरचा स्पंज चार दिवसांत भरतो आणि प्रवाह ७०० मिलिलिटरपर्यंत उतरतो.

पहिले उत्तर देणारे (ठाणे)

त्याने चार दिवसांत भरावे हेच अपेक्षित आहे, कारण पूर्वी हाच गाळ कार्ट्रिजमध्ये जात होता. नळीसाठी एकसारखे दोन स्पंज ठेवून ते आलटून पालटून वापरावेत आणि काढलेला स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून, वाळू न देता हवेवरच्या फिल्टरशेजारी टाकीतच ठेवावा, म्हणजे त्यावरचे जीवाणू जगतील. स्पंज काढताना प्लग आधी काढावा आणि स्पंजभोवती पिशवी धरून तो वर घ्यावा, नाहीतर अडकलेला गाळ टाकीभर पसरतो. हे करूनही प्रवाह ६०० च्या खाली जाऊ लागला, तर वर्षभरात या गोल्डफिशना मोठ्या टाकीची गरज पडणार आहे असे समजावे.