स्पोर्ट्स ड्रिंक पाण्यापेक्षा खरंच जास्त हायड्रेट करतं का? मला नाही पटत

धावता_धोटा
अर्धा-पाऊण तास जिम केली की लगेच रंगीत बाटली तोंडाला लावायची, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "नुसत्या पाण्याने भागत नाही रे, घामातून क्षार जातात". जातात की, कोण नाही म्हणतंय. पण तेवढ्या व्यायामात जेवढं सोडियम जातं ते पुढच्या जेवणात आपसूक भरून निघतं, त्यासाठी अर्ध्या लिटरमागे 30 ग्रॅमच्या आसपास साखर कशाला प्यायची? 2016 मध्ये एक अभ्यास आला होता, 72 पुरुषांना वेगवेगळी पेयं दिली, दर वेळी 1 लिटर, आणि पुढचे काही तास लघवी किती होते ते मोजलं. दूध आणि ओआरएस पाण्यापेक्षा जास्त वेळ शरीरात टिकलं. स्पोर्ट्स ड्रिंक आणि पाणी? म्हणण्यासारखा फरकच नाही. तरी जाहिरात बघाल तर पाणी म्हणजे काहीतरी कमअस्सल वस्तू आहे असंच वाटावं.

निळी_सायकल
अहो पण त्या अभ्यासातली माणसं बसून होती! घाम गाळत नव्हती. बसलेल्या माणसावरचा आकडा घेऊन उन्हात तासन्‌तास पेडल मारणाऱ्याला सांगायचं की तुझी बाटली फेकून दे, हे काही बरोबर नाही. लहान आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्या मागून ओढलं जातं, रॉबर्ट क्रेनने 1960 मध्ये मांडलेली कल्पना आहे ही आणि आजही तीच मानतात. ओआरएस ह्याच तत्त्वावर चालतं. मग तीच जोडी स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये असताना ते पाण्यासारखंच कसं काय?

धावता_धोटा
तत्त्व मान्य, प्रमाण बघा ना. 2002 पासूनच्या डब्ल्यूएचओच्या ओआरएसमध्ये लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 75 मिलीमोल (क्षार मोजायचं एकक) सोडियम. नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर 60 ग्रॅमच्या घरात आणि सोडियम साधारण 20 मिलीमोल. म्हणजे साखर चौपटीच्या वर आणि मीठ जवळजवळ पाव. ओआरएसचं नाव घेऊन ह्याची तरफदारी करता येत नाही. आणि साखर 8 टक्क्यांच्या वर गेली की पोटातून पुढे सरकायलाच उशीर लागतो, काही जणांना मळमळतं ते बऱ्याचदा त्यामुळेच. बसलेल्या माणसांचा मुद्दा घ्यायचा तर जोरात व्यायाम चालू असताना मूत्रपिंड आधीच लघवी कमी करतं, मग पाणी "टिकवून धरण्याचा" जो काही फायदा आहे तो त्या वेळी आणखी कमीच होणार ना.

खेळगडी
तुम्ही सगळे प्रयोगशाळेतलं बोलताय, मैदानावर काय होतं ते पण बघा. नुसतं पाणी माणूस दोन घोट पितो आणि बाटली ठेवून देतो. चव असली आणि किंचित खारट असलं की जास्त प्यायलं जातं, लहान मुलांवरच्या प्रयोगात पण हे दिसलंय. पोटात गेलं तरच हायड्रेशन होणार ना? मी पोरांना फुटबॉल शिकवतो आणि उन्हात ती पीत नाहीत हीच खरी काळजी असते, त्यामुळे माझ्या दृष्टीने चव हा मोठा मुद्दा आहे, गौण नाही.

सिस्टर_ऑन_ड्यूटी
खेळगडी, काळजी समजते तुमची, पण मुलांच्या बाबतीत मी कडकच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 मध्येच सांगितलंय की बहुतेक मुलांना खेळताना पाणी पुरतं. साखर आणि आम्ल रोज दातांवर गेलं की एनॅमल झिजतं ते परत येत नाही. गार पाणी द्या आणि दर थोड्या वेळाने खेळ थांबवून प्यायला लावा, एवढंच करा.

आणि दुसरं, कोणीतरी म्हणायच्या आत सांगते, "स्पोर्ट्स ड्रिंक घेतलं की रक्तातलं सोडियम पडत नाही" हा समज धोक्याचा आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. सगळ्यात जास्त संबंध कशाशी होता तर शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे घामापेक्षा जास्त पिण्याशी. काय प्यायले त्याने फरक दिसला नाही. रक्तात लिटरला 140 मिलीमोलच्या आसपास सोडियम आणि बाटलीत 20, मग ती बाटली पण रक्त पातळच करणार की! तहान नसताना दर टप्प्यावर ढोसू नका, पाणी असो नाहीतर काहीही. पळून आल्यावर डोकं दुखतंय, उलट्या, बरळणं चालू आहे तर आणखी प्यायला न देता सरळ दवाखान्यात न्या.

निळी_सायकल
सिस्टर, हे पटलं. पण व्यायामानंतरचं काय? दुपारी परत इव्हेंट आहे आणि मध्ये दोनच तास आहेत, तेव्हा नुसतं पाणी ढकललं तर निम्मं लघवीवाटे निघून जातं हा माझा अनुभव आहे.

धावता_धोटा
तिथे सोडियम लागतंच, वादच नाही. पण सोबत खारट काही खाल्लं तरी काम होतं. आधी-नंतर वजन करा, 1 किलो कमी म्हणजे ढोबळ 1 लिटर गेलं, आणि दोन तासच असतील तर त्याच्या दीडपट हळूहळू प्या. माझा विरोध फक्त "हायड्रेशन" ह्या दाव्याला आहे. दीड-दोन तासांच्या वर पळताना तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब लागतात, तेव्हा बाटलीतली साखर इंधन म्हणून उपयोगी पडते. मग तसं सांगून विका ना. जेल (पळताना खायची साखरेची घट्ट पेस्ट) आणि पाणी घेतलं तरी तेच.

निळी_सायकल
जेल माझ्या घशाखाली उतरत नाही उन्हात, चिकट होऊन बसतं. त्यापेक्षा एकाच बाटलीत पाणी, साखर, मीठ तिन्ही मिळतं आणि चालत्या सायकलवर एका हाताने पिता येतं, त्यामुळे लांबच्या राइडला मी तीच नेणार. जिमवाल्यांबद्दल तुमचं खरं आहे, त्यांना पाणीच बास.